कणकवलीहून पार्ट येईपर्यंत

खाऱ्या हवेनं टीव्हीचा आवाज खाल्ला.
आधी घसा बसल्यासारखा झाला,
मग नुसती खरखर, मग तीही नाही.
बबन खोबरेकर मागचं झाकण उघडून म्हणाला,
"पडदो बरो आसा. स्पीकर गंजलो."
पार्ट कणकवलीहून. मंगळवारी. बुधवारी म्हणा.

साडेआठला तरी सगळ्या आल्याच,
लिंबू चोळूनही न जाणारा कोळंबीचा वास हाताला घेऊन.
शेवंती मेथर, तिची जाऊ, कुंदा,
आणि दहावीतली प्रणिता,
जिच्या मोबाईलवर तो हिरो असतो,
दाढी कोरलेला, कपाळाला आठी.

पहिल्या रात्री मजाच केली आम्ही.
सासूनं तोंड उघडलं की शेवंती म्हणे,
"बांगडे कसे दिलंस गो?"
सासऱ्यानं बोट रोखलं की जाऊ म्हणे,
"डिझेल संपला!"
पोट धरून हसलो.

दुसऱ्या रात्री तो तिच्या खोलीत आला.
दार लोटलं. कडी घातली.
एरवी इथे बासरी असते.
एरवी इथे खिडकी बंद असूनही वारा सुटतो,
तिचे केस उडतात,
आणि पायरीवरच्या चपला कुत्र्यानं नेल्या
तरी आम्ही उठत नाही.

आज काही नव्हतं.
पंख्याची कुरकुर. लांब आचऱ्याच्या खाडीत
कुणाच्या तरी होडीचं इंजिन.
आणि एक पुरुष पुढे येत होता
आणि एक मुलगी मागे सरत होती
भिंत लागेपर्यंत.
त्यानं तिचं मनगट धरलं, भिंतीवर दाबलं,
काहीतरी बोलला.
ओठांवरून कळण्यासारखं होतं:
तू माझी झाली नाहीस तर...
पुढचं आम्हा सगळ्यांना पाठ.

शेवंतीनं डायलॉग घातला नाही.
"ती त्येच्याकडे बघणा नाय," म्हणाली,
"ती कडयेकडे बघता."

खरंच. कॅमेरा त्याच्या डोळ्यांत बुडालेला,
पण कोपऱ्यातून दिसत होतं.
त्या नटीला तसं कुणी सांगितलं होतं
की तिचं तिलाच सुचलं, देव जाणे.
ती दाराकडे बघत होती.

कुंदा बसून राहिली.
बर्फाच्या फॅक्टरीतला मुकादम,
तोही म्हणायचा, "रागावलंस काय बरी दिसतंस."
त्याच्या केबिनला आतून खिटी होती.
हे आम्हाला माहीत होतं.
आम्हाला माहीत आहे, हे कुंदाला माहीत होतं.
तीन वर्षं आम्ही तिला विचारत आलो,
बर्फ कितको गावलो गो आज?

प्रणिता म्हणाली, "म्हणजे तिका तो नको आसा?"
कुणी तोंड उघडलं नाही.
टीव्हीसारख्याच आम्ही.

सोमवारी त्यांचं लग्न लागलं.
बँडवाल्यांचे गाल फुगले, भटजींचे ओठ हलले.
अक्षता तेवढ्या नेहमीसारख्या पडल्या,
त्यांना आवाज कधी नव्हताच.

बुधवारी पार्ट आला.
बबननं स्क्रू पिळले आणि बासरी परत आली,
ओली, गोड, थेट बेंबीपर्यंत.
नवरीला आठवत होती ती रात्र,
तेच मनगट, तीच भिंत, सगळं सावकाश,
केस उडतायत,
आणि खोटं कशाला बोलू,
माझ्या अंगावर काटा आला.
जुनाच. आवडणारा.

मी बाजूला बघितलं.
शेवंतीचा पदर तोंडाशी. जाऊ टक लावून.
प्रणिताच्या मांडीवर मोबाईल, पालथा.
कुंदाची जागा रिकामी.

बाहेर अंधारात ती चपला शोधत होती.
"काय गो, इतक्यात?"
"आवाज इलो ना," ती म्हणाली,
"आता माका काय दिसाचा नाय."